तलावांच्या जिल्ह्यात तीन दिवस: वाघाव्यतिरिक्त काय बघावं?

रानजाई (ठाणे), ५ ऑक्टोबर

मंडळी, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात भंडारा-गोंदियाला जायचं घाटतंय. माणसं तीन: मी, नऊ वर्षांचा मुलगा आणि आई, वय एकाहत्तर. आईचं आजोळ साकोली तालुक्यातलं. ती तिथे शेवटची गेली तेव्हा तिचं लग्नसुद्धा झालं नव्हतं.

नागझिऱ्याची एक सफारी करूच, पण तीनही दिवस जिप्सीत बसून धूळ खायची इच्छा नाही. आईला चालायला आवडतं, गुडघे अजून कुरकुरत नाहीत. मुलाला पक्ष्यांचं वेड आहे. पायी हिंडता येतील अशा वाटा, तळ्याचे काठ, बागा असं काही आहे का? नेटवर शोधलं की वाघ, वाघ आणि वाघाच्या शेजारचं रिसॉर्ट, एवढंच येतं.

गजाभाऊ, ५ ऑक्टोबर

नागझिऱ्याला जाऊन एकच सफारी? हे म्हणजे हल्दीरामात जाऊन पाणी पिऊन येणं झालं. साकोलीकडून पिटेझरीचं गेट सोयीचं, गोंदिया-तिरोड्याकडून येणाऱ्यांना चोरखमारा. दोन सकाळच्या, एक दुपारची घ्या. जय वाघ इथलाच, विसरू नका.

पाणकावळा, ५ ऑक्टोबर

जय इथे जन्मला हे खरं, पण तो इथून उमरेड-कऱ्हांडल्याला निघून गेला. तिथे त्याला रेडिओ कॉलर लावली आणि एप्रिल २०१६ नंतर तो कुणाला दिसलाच नाही. नागझिऱ्यात वाघ कमी म्हणून तर मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरी भागातल्या दोन वाघिणी इथे आणून सोडल्या. वाघाची हमी हवी तर ताडोब्याला जा. नागझिरा हे जंगल बघायचं ठिकाण आहे. सकाळी तळ्यासमोर गाडी बंद करून अर्धा तास गप्प बसा, पैसे वसूल.

आणि रानजाई, पायी फिरण्याचं आधीच सांगून ठेवतो: कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या राखीव गाभ्यात, गाडीतून खाली पाय ठेवायचा नाही. त्या आशेवर आईंना नेऊ नका.

मुग्धा_के, ६ ऑक्टोबर

वाचते आहे. आम्हालाही जायचंय. उन्हाळ्यात गेलं तर वाघ दिसायची शक्यता जास्त ना?

पाणकावळा, ६ ऑक्टोबर

दिसतो, कारण तेव्हा पाणवठे मोजकेच उरतात. पण एप्रिल म्हणजे मोहफुलाचा आणि वणव्याचा महिना. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि आग हाताबाहेर जाते. एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्यात आग विझवताना तीन हंगामी वनमजूर होरपळून गेले. आपण जिप्सीतून ज्या साफ पट्ट्या बघतो आणि 'रस्ता किती छान ठेवलाय' म्हणतो, त्यातल्या बऱ्याच या माणसांनी आग पसरू नये म्हणून काढलेल्या जाळरेषा असतात.

झाडीचा_माणूस (अर्जुनी मोरगाव), ६ ऑक्टोबर

ताई, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. इथे येणाऱ्या शंभरातले नव्व्याण्णव वाघ विचारतात, तळं कोणी विचारत नाही. आणि जिल्ह्याला म्हणतात तलावांचा जिल्हा!

जरा लांबण लावतो, माफी असावी.

तुम्ही 'ट्रेल' शोधून राहिले. आमच्याइकडे ट्रेल म्हणजे तलावाची पाळ. उथळ दरी पाहून आडवा मातीचा बांध घातला की झाली पाळ. तिच्यावरून बैल जातात, पोरं शाळेत जातात, बाया धुणं घेऊन जातात. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली धानाची, म्हणजे तुमच्या भाताची, शेतं. वर मोह, चिंच, जांभूळ, कुठे कुठे अर्जुनाची मोठी झाडं. चढ नाही, हरवायची भीती नाही. तुमच्या आईसाठी याहून चांगली वाट सरकारला बांधता यायची नाही.

सुरुवात नवेगावबांधपासून करा. तळं साधारण ११ चौरस किलोमीटरचं, आणि ते माणसानं केलंय. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी ते बांधलं असं म्हणतात. भोवतीच्या डोंगरांना सात बहिणी म्हणतात. बांध टिकेना तेव्हा या बहिणींनी हात लावला, अशी गोष्ट आहे. कोलू पाटलाचा पुढे कोलासूर देव झाला, त्याचं ठाणं डोंगरावर आहे. तलाव बांधणारा माणूस देव होतो, असा आमचा मुलूख आहे जी. तळ्याच्या मध्ये मालडोंगरी नावाचं बेट आहे, काठावरून दिसतं. राष्ट्रीय उद्यान १९७५ चं, १३३.८८ चौरस किलोमीटर. डिसेंबर २०१३ मध्ये नागझिरा, नवीन नागझिरा, नवेगाव आणि कोका असं सगळं एकत्र करून व्याघ्र प्रकल्प झाला.

मारुती चितमपल्ली साहेब वनखात्यात असताना इथेच होते. बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार' हा शब्द त्यांनी दिला. मासेमार ढीवर, गोंड, तलाव बांधणारे कोहळी अशा लोकांकडून ऐकलेली पाखरांची नावं त्यांनी मराठीत आणली. तुमच्या पोराला हे सांगा. म्हणजे पाखरू दिसलं की तो इंग्रजी नावाच्या आधी 'याला गावात काय म्हणतात' असं विचारेल.

मिनियापोलिसकर, ६ ऑक्टोबर

झाडीचा_माणूस, सुंदर लिहिलंत. आमच्या मिनेसोटात गाडीच्या नंबरपाटीवरच 'दहा हजार तळी' छापलेलं असतं. शहरातल्या मोठ्या तळ्यांभोवती आखीव पायवाट, फलक, बाक, स्वच्छतागृह. विदर्भात एवढी नैसर्गिक तळी असून आपण असं काही का करू शकत नाही?

झाडीचा_माणूस, ७ ऑक्टोबर

भाऊ, स्वच्छतागृहाचं म्हणणं मान्य, हात जोडून मान्य. पण 'नैसर्गिक' शब्द मागे घ्या. तुमची तळी हिमनदीनं खोदली, आमची कुदळ-फावड्यानं.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात असे सहा हजारांवर तलाव आहेत. सरकारी कागदात नाव 'माजी मालगुजारी तलाव', लोकांच्या तोंडी 'मामा तलाव'. मालगुजार म्हणजे सारा वसूल करणारा गावचा जमीनदार. कोहळी लोकांना गोंड राजांनी तलाव बांधण्याच्या बोलीवर जमिनी दिल्या असं सांगतात. ऊस आणि धान ही त्यांची शेती. पाऊस इथे कमी नाही, पण धान निसवायच्या वेळी पंधरा दिवस दडी मारली की सगळं गेलं. तलाव त्या पंधरा दिवसांसाठी आहे. वरच्या तलावाच्या सांडव्याचं पाणी खालच्या तलावात, तिथून त्याच्या खालच्यात, शेवटी शेतातल्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात. एक फुटला तर खालचे धोक्यात, म्हणून वरच्या गावाची पाळ हे खालच्या गावाचंही दुखणं.

आजोबा_७१, ७ ऑक्टोबर

'बोडी' शब्द किती वर्षांनी वाचला. आमच्या लाखनीकडे पोहायला बोडीतच शिकलो. पुण्यात मुलांना सांगितलं तर त्यांना वाटलं भांड्याचं नाव आहे.

गजाभाऊ, ७ ऑक्टोबर

हे सगळं ठीक आहे, पण हे तलाव आता गाळानं भरलेत. बेशरम नावाच्या तणाचं रान माजलंय. त्यापेक्षा दोन सफाऱ्या जास्त करा.

झाडीचा_माणूस, ७ ऑक्टोबर

गजाभाऊ, खरं बोलले. ते तसे का झाले तेही सांगतो.

पूर्वी उन्हाळ्यात मालगुजार गावाला कामाला लावून पाळीवर माती टाकून घ्यायचा. त्यात जुलूम होता, गोडवे गात नाही. १९५०च्या कायद्यानं मालगुजारी गेली, चांगलं झालं. तलाव सरकारजमा झाले. मग पाणीपट्टी आली. लोक म्हणाले, आमच्या आज्यानं बांधलेल्या तलावाचे पैसे तुम्हाला का द्यायचे? निस्ताराचे, म्हणजे गावानं ते पाणी वापरायचे, हक्क कागदावर होते. त्या भांडणात पाळीवर माती टाकायची कोणी, हा प्रश्न राहून गेला. आता सिंचनक्षमता १०० हेक्टरपर्यंत असली तर तलाव जिल्हा परिषदेचा, वर गेली तर पाटबंधारे खात्याचा, मासे सहकारी संस्थेचे आणि पाणी ओसरल्यावर बुडीत क्षेत्रात गाळपेर करणारा तिसराच. भोक पडलं की सगळे एकमेकांकडे पाहतात.

मात्र काही गावांत ढीवर समाजाच्या बायाबापड्यांनी बेशरम उपटून काढली, देवधान (रानटी धान) आणि पाण्यातल्या इतर गावठी वनस्पती पुन्हा लावल्या. आधी लोक हसले. तलावात कोणी गवत लावतं का? पण मासे अंडी घालतात त्या गवतात, आणि बदकं खातात तेही त्यातच. मासे वाढले, मागोमाग पाखरं आली. रानजाईताई, असा एखादा तलाव पाहा आणि शेजारचा बेशरमचा पाहा. पोराला पुस्तक लागणार नाही.

पाणकावळा, ७ ऑक्टोबर

यादी देतो, मुलाच्या वहीत उतरवा. अडई, काणूक, जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी ही घरची मंडळी. थंडीची पाहुणी: तलवार बदक, मोठी लालसरी, नशीब असेल तर पट्टकदंब. पट्टकदंब हिमालय ओलांडून येतो.

गंमत बघा. इटियाडोह धरणाजवळ गोठणगावला तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, नॉर्गेलिंग, १९७२ पासून. तेही हिमालय ओलांडूनच आले. डिसेंबरात वसाहत जरा सुनी असते, बरेच जण स्वेटर विकायला बाहेरगावी गेलेले असतात. तरी गोम्पा, म्हणजे त्यांचा बौद्ध मठ, बघण्यासारखी आहे. मुलाला विदर्भाच्या धानशेतात प्रार्थनेच्या पताका दिसतील.

मुग्धा_के, ८ ऑक्टोबर

आणि सारस?

पाणकावळा, ८ ऑक्टोबर

त्यावर वेगळा धागा हवा, पण थोडक्यात. महाराष्ट्रात सारस उरलेत ते जवळजवळ सगळे गोंदिया जिल्ह्यात, भंडाऱ्यात अगदी मोजके. गोंदियातली संख्या चाळिशीच्याही आत. वैनगंगेपलीकडे बालाघाटचे सारस वेगळे मोजतात, पण पक्ष्यांना जिल्ह्याची हद्द कुठली ठाऊक! गणना जूनमध्ये होते, कारण तेव्हा पाणी आटलेलं असतं आणि सारस उरलेल्या पाण्यावर जमतात. पहाटे माणसं जागा धरून बसतात.

घरटं मात्र ते पावसाळ्यात करतात, आणि बऱ्याचदा उभ्या धानात. शेतकऱ्याच्या बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, मधोमध, त्याचंच धान मोडून. ते घरटं राहू द्यायचं की नाही हे त्या एका माणसाच्या हातात असतं. त्यानं ठेवलं तर पिल्लू उडतं. म्हणून काही शेतकऱ्यांना 'सारसमित्र' म्हणतात आणि ते नाव त्यांनी कमावलेलं आहे. विजेच्या तारा आणि कीटकनाशकं हे दोन मोठे शत्रू. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सारसांची स्वतःहून दखल घेतली, ते उगीच नाही.

रानजाई, गोंदियाजवळ परसवाडा आणि झिलमिली इथे बघा. पण पाळीवरून, दुर्बिणीतून. बांधीत उतरायचं नाही, ड्रोन तर नावही काढू नका. नवेगावबांध जिल्ह्याच्या दक्षिणेला आणि हे उत्तरेला, एकाच दिवशी दोन्ही करण्याचा हट्ट धरू नका.

गजाभाऊ, ८ ऑक्टोबर

सारसाचं मान्य. मी एकदा पाहिलाय, माणसाएवढा उंच. कॅमेरा गाडीत राहिला होता, म्हणून अजून कुणी विश्वास ठेवत नाही.

रानजाई, ९ ऑक्टोबर

बाप रे, किती माहिती! सगळ्यांचे आभार. 'बोडी' हा शब्द आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, 'आमच्या आजोळी घरामागेच होती, पाळीवर मोहाचं झाड होतं.' मग तासभर तेच चाललं होतं. झाडीचा_माणूस, राहायचं कुठे?

झाडीचा_माणूस, ९ ऑक्टोबर

पहिला मुक्काम साकोली, दुसरा नवेगावबांध, तिसरा गोंदिया. जेवायला गावातल्या खाणावळी पाहा. कोचईच्या (अळूच्या) पानांच्या वड्या, लाखोळीची (लाख डाळीच्या रोपाची) भाजी, मरळ मासळी मिळाली तर सोडू नका. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, डिसेंबरपर्यंत एखादी उरली असली तर रात्री दंडार, आमचं लोकनाट्य, पाहायला बसा. स्वेटर घेऊन बसा.

रानजाई, १६ डिसेंबर

परत येऊन आठवडा झाला. वृत्तांत द्यायचं कबूल केलं होतं.

सफारीपासून सुरुवात करते म्हणजे गजाभाऊंचा जीव भांड्यात पडेल. वाघ दिसला नाही. गवे दिसले, अस्वलाची पाठ दिसली, रानकुत्र्यांनी रस्ता ओलांडला. एका जिप्सीतल्या मंडळींनी वाटाड्याशी 'पैसे परत द्या' म्हणून भांडण काढलं, तेव्हा मुलगा हळूच म्हणाला, 'आई, रानकुत्रे फुकट का?' साकोलीला जिथे उतरलो त्या जागेबद्दल लिहीत नाही. फोटोत तळं होतं, प्रत्यक्षात खिडकीतून पाण्याची टाकी दिसत होती.

नवेगावबांधला मात्र आम्ही ठरल्यापेक्षा एक अख्खी सकाळ जास्त काढली. सहाला पाळीवर गेलो तेव्हा पाण्यावर धुकं होतं आणि डोंगर अर्धेच दिसत होते. आई पुढे, आम्ही मागे. सात बहिणी मोजायचा प्रयत्न मुलानं केला. त्याच्या सहाच होतात, आईच्या आठ. एक ढीवर काका डोंगा काठाला लावत होते. टोपलीत रोहू दोन आणि बाकी बोटभर मासे. आईनं विचारलं, 'हे बारके विकता का जी?' ते 'जी' ऐकून मी तिच्याकडे बघतच राहिले. ठाण्यात चाळीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. काका म्हणाले, मोठे बाजारात जातात, बारके घरी. चव बारक्यांनाच.

पाणकावळा, तुमच्या यादीतली अकरा नावं वहीत टिपली गेली. पट्टकदंब नाही. पण त्यानं प्रत्येक पक्ष्यापुढे रकाना करून गावातलं नाव लिहायला घेतलं होतं. तो रकाना निम्मा भरला, कारण लोक एकाच पक्ष्याला तीन नावं सांगत आणि आपसात वाद घालत. त्यानं तिन्ही लिहिली आहेत.

सारस दिसले. परसवाड्याला पहिल्या सकाळी काहीच नाही. परतीच्या दिवशी, गाडीची वेळ होत आलेली, झिलमिलीकडे कापलेल्या धानाच्या बांधीत दोन उभे होते. शेजारी धानाचे पुंजणे आणि खाली नुकती उगवलेली लाखोळी. धान उभं असतानाच त्यात लाखोळी फेकून ठेवतात, त्याला उतेरा म्हणतात, हे तिथल्या शेतकरीदादांनी सांगितलं. मी विचारलं, सारस पिकाचं नुकसान करत नाहीत का? म्हणाले, 'करते ना. पोरंही करते.' मग त्यांनी आवाज काढला आणि आम्ही सगळे गप्प झालो. सारसांनी म्हणते आहे, दादांनी नाही.

एक खटकलेली गोष्ट. कोहमाऱ्याहून गोंदियाकडे जाताना मुरदोलीच्या जंगलात आमच्या गाडीवाल्यानं वेग वाढवला. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथेच मोटारीच्या धडकेनं तरुण वाघ मेला होता, हे मी त्याला सांगितलं. म्हणाला, माहीत आहे, म्हणूनच लवकर पार करून राहिलो. यावर काय बोलणार?

आईच्या आजोळी जाता आलं नाही. वेळ नव्हता असं मी म्हणते. तिला जायचं नव्हतं असं मला वाटतं.

मिनियापोलिसकर, १७ डिसेंबर

वृत्तांत आवडला. 'नैसर्गिक' शब्द मागे घेतला. स्वच्छतागृहांचं काय झालं?

रानजाई, १७ डिसेंबर

त्याबद्दल न लिहिलेलंच बरं. आईला पेट्रोल पंपावर सोय झाली.

झाडीचा_माणूस, १७ डिसेंबर

ताई, आजोळच्या गावाचं नाव मला व्यक्तिगत निरोपात पाठवा. साकोलीकडे माझं जाणं असतं.

झाडीचा_माणूस, ११ जून

धागा वर काढतो. पाहून आलो. बोडी आहे. अर्धी बुजवून कोणी तूर लावते, अर्ध्यात गुडघाभर पाणी आहे, यंदा एवढ्या उन्हातही. पाळीवर बेशरम आहे, पण पाळ धड आहे.

रानजाई, ११ जून

आईला आत्ताच वाचून दाखवलं. ती विचारते, मोहाचं झाड?

झाडीचा_माणूस, ११ जून

मोह नाही जी, बुडखा आहे. बाजूला दोन मोठ्या चिंचा आहेत, त्यांचं विचारा.

रानजाई, ११ जून

विचारलं. म्हणते, चिंचा तिच्या वेळी नव्हत्या.